चांगल्या मनाने केलं, तरी अपकृत्य? टॉर्टमधला हेतू आणि बचावाची मर्यादा

उशिराचा_विद्यार्थी

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतला आहे. पहिल्या वर्षाला टॉर्ट, म्हणजे अपकृत्यांचा कायदा, हा विषय आहे. आपल्याकडे या विषयाची एकसंध संहिता नाही. बराचसा भाग इंग्लंडमधल्या जुन्या निकालांतून आलेला आणि आपल्या न्यायालयांनी स्वीकारलेला आहे. म्हणून पाठांतरापेक्षा चर्चेतून जास्त कळेल असं वाटतं.

हेतुपुरस्सर अपकृत्यांची यादी तशी छोटी आहे. अंगाला हात लावणं म्हणजे बॅटरी. आता मार बसणार अशी धास्ती घालणं म्हणजे असॉल्ट. अडकवून ठेवणं म्हणजे फॉल्स इम्प्रिझनमेंट. शिवाय जमिनीवरचा आणि वस्तूंवरचा ट्रेसपास, म्हणजे परवानगीशिवाय केलेलं अतिक्रमण किंवा ढवळाढवळ. बचावांत संमती, स्वसंरक्षण, मालमत्तेचं रक्षण, निकड आणि कायद्याने दिलेला अधिकार.

वर्गात वाद होतो तो 'हेतू'वर. बहुतेकांना वाटतं की वाईट हेतू असेल तरच हेतुपुरस्सर अपकृत्य. माझं मत उलट आहे: कृती जाणूनबुजून केली एवढं पुरे, मन चांगलं होतं हा बचाव नाही आणि नसावाच. कारण ज्याच्या अंगाला, जागेला किंवा मोकळेपणाला धक्का लागला, त्याने समोरच्याच्या मनात डोकावून का बसावं? वकील मंडळींनी आणि ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी लिहावं.

दिवाणी_दावा

काका, तुमचं मत बरोबर आहे. त्यात एक भर घालतो. हेतू म्हणजे परिणाम घडावा अशी इच्छा, किंवा तो घडणार याची जवळपास खात्री असणं. 'का केलं' हा वेगळा प्रश्न आहे आणि बहुतेक वेळा गैरलागू.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा १९५५ चा गॅरट विरुद्ध डेली हा निकाल वाचा. पाच वर्षांच्या मुलाने एका बाई बसत असताना खुर्ची बाजूला ओढली, बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यांना इजा व्हावी असं त्या पोराच्या मनात होतं का, हे न्यायालयाने विचारलं नाही. खुर्ची ओढली तेव्हा त्या तिथेच बसायला जाणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं का, एवढंच विचारलं.

दुसरा १७७३ चा स्कॉट विरुद्ध शेफर्ड. भर बाजारात एकाने पेटता फटाका फेकला. तो एका दुकानाशी पडला, तिथल्याने जीव वाचवायला उचलून पुढे भिरकावला, पुढच्यानेही तसंच केलं आणि शेवटी तो तिसऱ्याच माणसाच्या तोंडावर फुटून त्याचा डोळा गेला. मधले दोघे सुटले, कारण त्यांनी स्वतःला वाचवायला हात चालवला होता. पहिला फेकणारा जबाबदार ठरला. ब्लॅकस्टोन या न्यायाधीशाचं मत मात्र वेगळं पडलं होतं, त्यामुळे परीक्षेत दोन्ही बाजू लिहा.

चर्चगेट_स्लो

फटाक्यावरून आठवलं. होळीच्या आसपास लोकलवर पाण्याचे फुगे मारतात ते यातच बसतं ना? दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यावर फुगा बसला तर काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. मारणारी पोरं म्हणतात, 'नेम धरला नव्हता, सण आहे.'

दिवाणी_दावा

नेम धरला नव्हता याला अर्थ नाही. गर्दीने भरलेल्या डब्यावर मारलं तर कोणाला तरी लागणारच. रामावर नेम धरून शामला लागलं तरी हेतू शामपर्यंत पोहोचतो. सण म्हणजे सगळ्यांची संमती असंही नाही. रंगपंचमीला अंगणात उतरून खेळणाऱ्याची संमती वागण्यातून दिसते. कामावर निघालेल्या बाईची दिसत नाही.

मोगरा

हे वाक्य प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावायला हवं. 'एवढं काय, रंगच तर आहे' म्हणत गालाला हात लावणाऱ्यांना नाही म्हटलं की आपणच खडूस ठरतो. रंगाने त्वचेला काही झालं नाही, तरी दावा होतो का?

दिवाणी_दावा

होतो, मोगराताई. बॅटरीला इजा लागत नाही. रागाने केलेला नुसता स्पर्शसुद्धा बॅटरी, असं १७०४ मध्ये कोल विरुद्ध टर्नरमध्ये म्हटलं आहे. पुढे कायदा आणखी सरकला आणि रागसुद्धा आवश्यक राहिला नाही. इजा किती यावर भरपाईचा आकडा ठरतो, अपकृत्य झालं की नाही ते ठरत नाही.

चर्चगेट_स्लो

मग दादरच्या जिन्यावर सकाळी नऊला आम्ही सगळेच एकमेकांवर दावे ठोकू शकतो :)

वाचनवेडी_नगरकर

नाही ना, त्याच कोल विरुद्ध टर्नरमध्ये याचंही उत्तर आहे. अरुंद वाटेत दोघे समोरासमोर आले आणि काही वाईट मनात नसताना हलकेच धक्का लागला तर ती बॅटरी नाही. पण वाट काढायला जोराने ढकललं तर आहे. १९८४ च्या कॉलिन्स विरुद्ध विल्कॉकमध्ये याला आजचं रूप मिळालं: रोजच्या जगण्यात जे स्पर्श सर्वसाधारणपणे खपवून घेतले जातात ते वगळायचे. तिथे एका महिला पोलिसाने अटक करायची नसताना एका बाईचा दंड धरून तिला थांबवलं होतं. लक्ष वेधायला खांद्यावर टकटक चालते. धरून ठेवणं चालत नाही, गणवेश असला तरी.

गर्दीचा फायदा घेऊन केलेला स्पर्श जिन्यावरचा धक्का ठरत नाही, हे वेगळं सांगायला नको.

कोल्हापुरी_ठसका

मला असॉल्ट आणि बॅटरीतला फरक सांगा कोणी. आमच्याकडे 'असॉल्ट झाला' म्हणजे डोकं फुटलं असंच समजतात.

वाचनवेडी_नगरकर

टॉर्टमध्ये हात लागायच्या आधीचा क्षण म्हणजे असॉल्ट. मागून नकळत फटका बसला तर असॉल्टशिवाय बॅटरी. अंगावर धावून आला आणि लोकांनी मधेच धरला तर बॅटरीशिवाय असॉल्ट. १८३० चा स्टीफन्स विरुद्ध मायर्स अगदी हाच आहे. एका पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीतल्या गावकऱ्यांच्या) बैठकीत गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढायचा ठराव झाला, तेव्हा तो मूठ आवळून अध्यक्षावर धावला. शेजारच्याने मधेच अडवला. ज्युरीने भरपाई दिली एक शिलिंग, पण अपकृत्य मान्य केलं.

आणि तुमच्यासाठी १६६९ चा टर्बरव्हिल विरुद्ध सॅव्हेज. एकाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवून म्हटलं की न्यायाधीश गावात आलेले नसते, तर तुझं हे बोलणं ऐकून घेतलं नसतं. न्यायालय म्हणालं, हा असॉल्ट नाही, कारण मारणार नाही हे त्याने स्वतःच सांगितलं.

कोल्हापुरी_ठसका

म्हणजे 'आज एकादशी आहे म्हणून सोडतोय, न्हाईतर कानाखाली काढली असती' हे चालतंय म्हणायचं!

वाचनवेडी_नगरकर

एवढंच म्हणून तो चालता झाला तर हो. पण 'गाडी हलव, नाहीतर कानाखाली काढतो' हे चालत नाही. पहिल्यात मार टळला आहे. दुसऱ्यात, जे करायचा तुम्हाला हक्क आहे ते सोडलं तरच मार टळतो.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. जुन्या दंड संहितेत कलम ३५१ म्हणजे हमला (असॉल्ट) होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३५१ म्हणजे फौजदारी धाकदपटशा, आणि हमला गेला १३० मध्ये. जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांनी सांभाळा.

सचिव_बी_विंग

आमच्या मनातला प्रश्न विचारतो. सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्या कुठेही लागतात. मागच्या महिन्यात एकाने गाडी थेट रॅम्पवर लावली, आजारी माणसाला न्यायचं होतं, मालक सापडेना. नंतर कमिटीने चाक अडकवून ठेवणारे जॅमर आणले. परवा एका पाहुण्याच्या गाडीला जॅमर लावला, ५०० रुपये घेतल्यावर काढला. तो आता नोटीस पाठवतोय. आमचा हेतू शिस्तीचा होता, त्रास द्यायचा नव्हता. धागालेखकांच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही अपकृत्य केलं?

उशिराचा_विद्यार्थी

सचिवसाहेब, माझ्या समजुतीप्रमाणे जॅमर जाणूनबुजून लावला, त्यामुळे वस्तूवरच्या ट्रेसपासचे घटक पूर्ण झाले. शिस्तीचा उद्देश त्यात धरता येणार नाही. आता बचाव शोधावा लागेल. पण हे माझं पुस्तकी उत्तर आहे, जाणत्यांनी तपासावं.

दिवाणी_दावा

पुस्तकी असलं तरी दिशा बरोबर आहे. सचिवसाहेब, पहिला प्रश्न अधिकाराचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये जॅमरचा स्पष्ट उल्लेख आहे. सार्वजनिक ठिकाणी बराच काळ बेवारस सोडलेल्या किंवा मनाई असलेल्या जागी लावलेल्या गाडीला जॅमर लावायची किंवा ती उचलायची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. त्यात सोसायटीच्या कमिटीला अधिकार दिलेला नाही.

मग उरते संमती. इंग्लंडमध्ये यावर दोन निकाल आहेत आणि ते जोडीने वाचायला हवेत. १९९६ चा आर्थर विरुद्ध अँकर: खासगी जागेत ठळक फलक होते, ते वाचूनही गाडी लावली, म्हणून जॅमरला आणि वाजवी शुल्काला संमती दिली असं धरलं. पण शुल्क वाजवी हवं, पैसे दिल्यावर गाडी ताबडतोब सुटायला हवी, आणि पैसे द्यायला माणूस तिथे गाठता यायला हवा, अशा अटी घातल्या. २००० चा व्हाइन खटला उलट गेला. बाईंची तब्येत बिघडली म्हणून त्यांनी काही मिनिटं गाडी लावली, फलक त्यांच्या नजरेसच पडला नव्हता, कारण दुसऱ्या गाडीआड गेला होता. संमती नाही, म्हणून ट्रेसपास. पुढे २०१२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये खासगी जॅमरवर बंदीच आली.

तुमच्या फाटकावर फलक होता का? आणि पाहुण्याला तो दिसेल असा होता का?

सचिव_बी_विंग

फलक आत नोटीस बोर्डावर आहे. ठराव सर्वसाधारण सभेत झाला होता.

मोगरा

सभेला पाहुणा कुठे होता?

दिवाणी_दावा

मोगराताईंनी नेमकं बोट ठेवलं. ठराव सभासदांना बांधतो, बाहेरून आलेल्याला नाही. पण रॅम्पवरच्या गाडीचं वेगळं आहे. आजारी माणसाला न्यायचं होतं, मालक सापडत नव्हता, तेव्हा चार जणांनी गाडी उचलून बाजूला ठेवली असती तर 'निकड' हा बचाव भक्कम उभा राहिला असता. निकडीत तेवढंच करायचं असतं जेवढ्याने संकट टळतं. जॅमरने उलट होतं, नको असलेली गाडी तिथेच खिळून राहते. माझा सल्ला: ५०० रुपये परत करा, दोन ओळींचं दिलगिरीचं पत्र द्या, आणि फाटकावर फलक व नोंदवही सुरू करा.

कोल्हापुरी_ठसका

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते याचसाठी. पाचशेच्या जॅमरपायी हजारोंचा वकील.

सातबारा

ठसकासाहेब, ही म्हण ऐकून ऐकून आमच्या भागात लोकांनी अर्धा एकर गमावलाय. दरवर्षी नांगरटीला शेजारी नांगराच्या एका ओळीएवढा बांध कोरतो. विचारलं तर म्हणतो, 'मला वाटलं हद्द इथंच आहे.' दहा वर्षांत बांध सरकून विहिरीपाशी येतो. तेव्हा विचारतो, 'मला वाटलं' हा बचाव आहे का?

दिवाणी_दावा

नाही, आणि हे जितक्या मोठ्याने सांगावं तितकं थोडं. १६८१ चा बेझली विरुद्ध क्लार्कसन हा तुमचाच खटला समजा. आपलं गवत कापताना चुकून शेजाऱ्याचंही कापलं. चूक प्रामाणिक होती, तरी जबाबदार. कारण कापण्याची क्रिया त्याने मुद्दाम केली होती. हद्द चुकली, हात चुकला नव्हता. शिवाय जमिनीवरच्या ट्रेसपासला नुकसान दाखवावं लागत नाही, पाऊल टाकणं पुरे.

व्यवहारात असं करा. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून हद्द कायम मोजणी मागवा. वाट किंवा पाणी अडवलं असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण सहा महिन्यांच्या आत. ताब्यातूनच काढून टाकलं असेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली दिवाणी न्यायालयात, तेही सहा महिन्यांत. त्या दाव्यात मालकी कोणाची हा वाद निघतच नाही, ताबा तुमचा होता एवढंच पाहतात. जमिनीवरच्या ट्रेसपासच्या भरपाईला मुदत तीन वर्षांची आहे. दहा वर्षं गप्प बसलात तर कायदाही हात आखडतो.

देवगड_बाग

बांधावरून आठवलं. शेजाऱ्याच्या हापूसची फांदी माझ्या कुंपणात येते. ती तोडली तर चालेल ना? आणि आंबे?

वाचनवेडी_नगरकर

हद्दीत आलेली फांदी तुमच्या बाजूने कापता येते, लेमन विरुद्ध वेब, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा निकाल. पण शेजाऱ्याच्या हद्दीत पाय टाकायचा नाही. आंबे मात्र त्याचेच! १९१९ च्या मिल्स विरुद्ध ब्रुकरमध्ये एकाने आपल्या बाजूला लोंबणारी सफरचंदं तोडून विकली आणि पैसे भरायची वेळ आली. फांदी तोडा, पेटी शेजाऱ्याच्या ओटीवर ठेवा.

देवगड_बाग

म्हणजे तोडायचे कष्टही माझे नि आंबे त्याचे. असो, शेजार टिकेल :)

सातबारा

आंब्यावरून हसू नका, आमच्याकडे माणसं मरतात. रानडुकरं रात्रीत भुईमूग उकरून टाकतात. काही शेतकरी घरच्या लाइनचा करंट थेट कुंपणाच्या तारेत सोडतात. दुसऱ्या दिवशी डुकराऐवजी शेजारचा पोरगा पडलेला असतो. करणारा म्हणतो, 'माझ्या शेताच्या रक्षणासाठी केलं, तो माझ्या हद्दीत आलाच कशाला?' मालमत्तेचं रक्षण हा बचाव आहे, असं वर धागालेखकांनीच लिहिलंय. मग इथे काय?

दिवाणी_दावा

सातबारासाहेब, याच प्रश्नासाठी हा धागा जपून ठेवावा.

बचाव आहे, पण तो धोक्याच्या मापाचा असतो. भुईमुगासाठी माणसाचा जीव हे माप कोणत्याही न्यायालयात बसत नाही. १८२८ चा बर्ड विरुद्ध होलब्रुक: ट्युलिपच्या बागेत मालकाने तारेला बांधलेली बंदूक लपवून ठेवली, सूचना लावली नाही. हरवलेला मोर धरायला भिंत ओलांडून आलेल्या पोराला गोळी लागली. मालक जबाबदार. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६४ चा चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा निकाल तर शब्दशः तुमचा आहे. शेजारपाजारच्यांनी आपलं शौचालय वापरू नये म्हणून एकाने भोवती उघड्या तारेत वीज सोडली, त्यात एका बाईचा जीव गेला. तो खटला फौजदारी होता, हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याचा, पण त्यात सांगितलेलं तत्त्व दिवाणी कायद्यातही लागू पडतं: हद्दीत घुसला म्हणून माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही. त्याने अतिक्रमण केलं म्हणून त्याला मारायचा सापळा लावता येत नाही.

इथे हेतूचाही पेच आहे. तार लावणाऱ्याला 'हाच मुलगा मरावा' असं वाटत नव्हतं. कोणी हेतुपुरस्सर म्हणेल, कोणी निष्काळजीपणा. दावा दोन्ही अंगांनी मांडता येतो आणि मांडावा.

सौर_शेतकरी

यात एक तांत्रिक मुद्दा. घरच्या लाइनचा करंट आणि सौर झटका मशीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटका मशीन क्षणभराचे, अंतराअंतराने धक्के देतं, जनावर दचकून मागे फिरतं. लाइनचा करंट सलग वाहतो, धरलेला हात सुटत नाही. गावात दोन्हीला 'करंटचं कुंपण' म्हणतात आणि तिथेच घात होतो. मशीन घेतलं तरी तारेवर पाट्या लावाच.

सॅन_होजे_सदाशिव

अमेरिकेत आयोवाचा १९७१ चा कॅट्को विरुद्ध ब्रायनी शिकवतात. ओस पडलेल्या घरात सतत चोऱ्या होत म्हणून मालकाने दाराला बंदूक बांधली. जुन्या बाटल्या, बरण्या उचलायला आलेल्याचा पाय जायबंदी झाला. त्याला २०,००० डॉलर भरपाई आणि वर १०,००० डॉलर दंडात्मक भरपाई मिळाली. चोराला पैसे मिळाले म्हणून लोक चिडले होते, पण निकाल बरोबर होता असं मला मनापासून वाटतं. मालक स्वतः हजर असता तरी बाटल्यांसाठी गोळी झाडू शकला नसता. मग यंत्राला तो हक्क कुठून येणार?

बाकी वर कोणी दुकानात अडवून ठेवण्याविषयी लिहिलं नाही. इथे दुकानदाराला वाजवी संशयावरून थोडा वेळ थांबवायची मुभा आहे. तिकडेही असेलच ना?

मोगरा

त्याबद्दलच लिहिणार होते. माझ्या मावसबहिणीला एका मोठ्या दुकानात बिलाच्या यंत्राने आवाज केला म्हणून मागच्या खोलीत बसवून ठेवलं. दार उघडं होतं, पण दारात दोन सुरक्षारक्षक. पर्समधून काही निघालं नाही. 'आम्ही हात लावला नाही, कुलूप लावलं नाही, त्या स्वतः बसल्या,' असं व्यवस्थापक म्हणाला. ती अजून त्या रस्त्याने जात नाही.

दिवाणी_दावा

सदाशिवजी, नाही. ती मुभा अमेरिकन आहे. इथले विद्यार्थी तिकडचे व्हिडिओ पाहून ती उत्तरपत्रिकेत लिहितात आणि गुण घालवतात.

आपल्याकडे खासगी माणसाच्या अटकेचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. गुन्हा त्याच्यासमोर घडलेला हवा, तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतील असा) आणि अजामीनपात्र दोन्ही हवा, आणि पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांकडे द्यायला हवं. आता बारकावा बघा. नव्या न्याय संहितेत ५,००० रुपयांखालच्या पहिल्या चोरीला, वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यावर, समाजसेवेची शिक्षा आहे. ही चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र धरली आहे. म्हणजे साबणाच्या वडीच्या संशयावरून कोंडून ठेवायला या कलमाचा आधार शोधणं फार अवघड. आणि बहिणीच्या बाबतीत तर गुन्हा घडलेलाच नव्हता.

फॉल्स इम्प्रिझनमेंटला कुलूप लागत नाही. जायचा मार्ग सगळ्या बाजूंनी बंद असणं पुरे, मग तो भिंतीने असो वा दारातल्या दोन रक्षकांनी. एकच बाजू अडवली तर मात्र नाही. १८४५ च्या बर्ड विरुद्ध जोन्समध्ये हॅमरस्मिथ पुलाच्या एका भागावर बोटींची शर्यत बघायला खुर्च्या मांडल्या होत्या. दावा करणाऱ्याला तिथून पुढे जाऊ दिलं नाही, पण मागे फिरायला तो मोकळा होता.

वाचनवेडी_नगरकर

आणि मीरिंग विरुद्ध ग्रॅहम-व्हाइट, १९१९. कारखान्यातल्या माणसाला चौकशीला बसवलं, बाहेर पहारा आहे हे त्याला माहीतच नव्हतं. तरी अपकृत्य मानलं. मोगराताई, बहिणीला तर दारातले दोघे दिसत होते. 'स्वतः बसल्या' हे टिकणार नाही.

डॉ_कडुलिंब

मी शल्यचिकित्सक आहे. संमतीवर आमच्या बाजूने लिहितो, कारण आमचं अख्खं काम या एका बचावावर उभं आहे. संमतीशिवाय चालवलेली सुरी म्हणजे बॅटरीच.

२००८ चा समीरा कोहली निकाल प्रत्येक निवासी डॉक्टरने वाचावा. दुर्बिणीने तपासणी करायला संमती घेतली होती. रुग्ण भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढले. रुग्ण सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, जीवाला तातडीचा धोका नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आईची संमती चालत नाही. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या योग्य होती आणि रुग्णाच्या भल्यासाठी होती, हेही चाललं नाही. फी नाकारली आणि २५,००० रुपये भरपाई दिली. उशिराचा_विद्यार्थी, तुमच्या मूळ प्रश्नाला याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही. हेतू उत्तम, तरी अपकृत्य.

पण दुसरी बाजूही मांडतो. पोट उघडल्यावर अनपेक्षित रक्तस्राव दिसला तर आम्ही सही शोधत बसत नाही, आणि कायदाही बसा म्हणत नाही. जीव वाचवायला आत्ताच करणं भाग आहे ते करायचं. 'आता उघडलंच आहे तर हेही उरकू' म्हणून केलेलं त्यात बसत नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना हे जाचक वाटतं. मला वाटत नाही. शरीर रुग्णाचं आहे.

मोगरा

डॉक्टर, मनापासून आभार. बिल भरलं नाही म्हणून रुग्णाला सोडत नाहीत, त्याचं काय?

डॉ_कडुलिंब

तसं करता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत स्पष्ट आहे की बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येणार नाही. पैसे वसूल करायला दिवाणी मार्ग आहे. माणूस तारण ठेवता येत नाही.

कोल्हापुरी_ठसका

माझा पण एक मनापासूनचा प्रश्न. समोरच्याने आईवरून शिवी दिली आणि मी एक ठेवून दिली. बचाव आहे की नाही?

दिवाणी_दावा

नाही. शिवी हा मार नव्हे, त्यामुळे स्वसंरक्षण लागू होत नाही. चिथावणी भरपाईच्या बाबतीत विचारात येऊ शकते, अपकृत्य पुसलं जात नाही. लेन विरुद्ध हॉलोवे, १९६८: ६४ वर्षांच्या माणसाने २३ वर्षांच्या शेजाऱ्याच्या बायकोला वाईटसाईट बोलून, वर शेजाऱ्याच्या खांद्यावर ठोसा मारला. तरण्याने डोळ्यावर असा ठोसा ठेवला की १९ टाके पडले. सुरुवात म्हाताऱ्याने केली होती, तरी तरणा हरला, कारण परतफेड प्रमाणाबाहेर होती.

आणि धावून आलेल्याला अडवायला जेवढं लागेल तेवढं करा. तो पळायला लागला की तुमचा हक्क तिथेच संपला. पाठलाग करून मारलेला फटका तुमचा स्वतःचा.

उशिराचा_विद्यार्थी

मूळ प्रश्नावर परत येतो. सगळे प्रतिसाद वाचून एक दिसलं की घटकांवर वाद फारसा नाही. फांदी, तार, जॅमर, सुरी, प्रत्येक वेळी कृती जाणून केलेली आहे. प्रकरण जिंकलं किंवा हरलं जातं ते बचावाच्या मापावर: संमती कोणाची आणि कशापुरती, धोका केवढा, तातडी खरी होती का. आमच्या वर्गात मात्र आठवडाभर हेतूवरच भांडण चालतं.

एक शंका राहते. एवढं करून हाती काय लागतं? एक शिलिंग?

वाचनवेडी_नगरकर

राज्याने कोंडलं असेल तर आकडा वाढतो. भीम सिंग या जम्मू-काश्मीरच्या आमदारांना विधानसभेला जाऊ नये म्हणून अटकेत ठेवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ५०,००० रुपये द्यायला लावले. त्याआधी १९८३ मध्ये रुदुल साह, जे निर्दोष सुटूनही बिहारच्या तुरुंगात १४ वर्षं पडून होते. त्यांना एकूण ३५,००० रुपये मिळाले. १४ वर्षांना हे काहीच नाही, आणि हे वाचताना मला अजून राग येतो. पण राज्य भरपाई देऊ लागतं हा दरवाजा तिथून उघडला, म्हणून ते आकडे मी फक्त आकडे म्हणून वाचत नाही.

मोगरा

बहिणीला हा धागा वाचायला दिला. ती दावा करायचं म्हणतेय. घटना नाशिकची, ती राहते ठाण्याला आणि दुकानाचं मुख्य कार्यालय मुंबईत. कुठे करायचा? आणि घाई आहे का?

दिवाणी_दावा

घाई आहे, ताई. मुदत कायद्यात फॉल्स इम्प्रिझनमेंटला एकच वर्ष आहे, आणि ते सुटका झाल्यापासून मोजतात. जागेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १९ पाहा: जिथे घडलं तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो वा धंदा करतो तिथे. दिल्लीच्या माणसाने कलकत्त्यात मारलं तर दोन्हीपैकी कुठेही दावा करता येतो, असं उदाहरण कलमातच दिलं आहे. म्हणजे नाशिक किंवा मुंबई. ठाणे नाही.

त्या दिवसाचं बिल, सीसीटीव्ही जपून ठेवण्याची लेखी मागणी, आणि तिने त्या दिवशी कोणाला केलेले फोन-संदेश, हे आधी गोळा करा. चित्रीकरण बऱ्याच ठिकाणी काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून मागणीचं पत्र आजच पोचपावतीसह पाठवा.

मोगरा

बिल आहे तिच्याकडे. पत्र संध्याकाळी लिहितो आम्ही दोघी.